पायलट ट्रेनिंगचं लोन घेताय? टॅक्सचं गणित आधी करा

नमस्कार. तुमचं पत्र वाचलं. मुलगा बारावी सायन्स झालाय, सीपीएलसाठी (कमर्शियल पायलट लायसन्ससाठी) ४० लाखांचं लोन काढायचंय, तुमचा पगार साडेबारा लाख आणि मेहुणे म्हणतात की फीचा सगळा खर्च टॅक्समधून वजा होतो, म्हणून तुम्ही जरा निर्धास्त झालायत.

तसं नाहीये हो. वजा होतं ते लोनचं व्याज, इन्कम टॅक्सच्या ज्या सवलतीला सगळे ८०ई म्हणतात त्यात. त्याला वरची लिमिट नाही, ट्रेनिंग परदेशात असलं तरी चालतं, पण मुद्दलावर काही मिळत नाही आणि लोन बँकेचं, सरकारने नोटिफाय केलेल्या फायनान्स कंपनीचं किंवा मान्यता असलेल्या धर्मादाय संस्थेचंच लागतं, भावाकडून उसने घेतलेत तर त्यावर कितीही व्याज द्या, उपयोग नाही.

आता खरी गोम. ८०ई फक्त ओल्ड रेजीममध्ये, म्हणजे टॅक्सच्या जुन्या पद्धतीत आहे. समजा पूर्ण ४० लाख उचलले आणि ११ टक्क्यांनी वर्षाचं ४.४ लाख व्याज तुम्ही भरलंत, वर ८०सीचे (पीएफ, विमा वगैरेंचे) दीड लाख आणि स्टँडर्ड डिडक्शनचे ५० हजार घेतले, तरी ओल्डमध्ये ३५ हजारांच्या वर टॅक्स बसतो. न्यू रेजीममध्ये २०२५-२६ च्या नियमांनी स्टँडर्ड डिडक्शनचे ७५ हजार वजा जाऊन तुम्ही १२ लाखांच्या आत येता, म्हणजे टॅक्स शून्य! मग त्या ८०ईचं करायचं काय?

त्यामुळे टॅक्ससाठी म्हणून लोन स्वतःच्या नावावर घेऊ नका. मेन बॉरोअर मुलाला करा, तुम्ही को-अप्लिकंट. सूट जास्तीत जास्त आठ वर्षं मिळते आणि ती वर्षं मोजतात व्याज भरायला लागल्यापासून, तेव्हा कमाई नसताना त्याच्या नावाने व्याज भरत बसलात तर ती वर्षं फुकट जातात (मोरॅटोरियममध्ये, म्हणजे हप्ते सुरू होण्याआधीच्या काळात, व्याज साठत जातं हेही खरं, तो हिशोब बँकेकडून लिहून घ्या). पुढे त्याला चांगला पगार लागला की दोन्ही रेजीम ताडून बघा, नुसत्या ८०ईवर ओल्ड क्वचितच परवडतं, सोबत एचआरए किंवा होम लोन असेल तर गोष्ट वेगळी.

आणि टाइप रेटिंग (एखाद्या ठरावीक प्रकारच्या विमानाचं ट्रेनिंग) विसरू नका, सीपीएलनंतरचा तो मोठा खर्च नोकरी लागल्यावर पगारातून वजा करता येत नाही आणि त्यासाठी पर्सनल लोन काढलंत तर त्याचं व्याज ८०ईत बसत नाही. बँकेला आत्ताच विचारा की तो याच एज्युकेशन लोनमध्ये धरतील का. पण त्याआधी मुलाचं क्लास वन मेडिकल (कमर्शियल पायलटला लागणारी वैद्यकीय तपासणी) करून घ्या, ते हातात आल्याशिवाय लोनच्या कागदांवर सही नको.