कंडेन्सर बदलायचा, पण कोणता?

प्रश्न : माझा २०११ सालचा घोडा (ट्रेलर ओढणारा ट्रक) वडाळा ट्रक टर्मिनलला उभा असतो. ट्रेलर लावून न्हावा शेवाच्या फेऱ्या करतो. केबिनला एसी मागाहून बसवून घेतलाय. सायन-पनवेल हायवेला गाडी पळत असली की गार वारा येतो, बंदराच्या गेटवर रांगेत उभी राहिली की कोमट. या उन्हाळ्यात दोनदा गॅस भरला, महिन्याभरात पुन्हा ये रे माझ्या मागल्या. मेकॅनिक म्हणतो कंडेन्सर (एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) बदला. कुर्ल्याला भंगारातल्या गाडीचा स्वस्तात मिळतोय. घेऊ का? आणि ट्रकला एसी सक्तीचा झालाय म्हणतात, तो नियम मला लागतो का?
– एक ट्रेलरमालक, वडाळा

उत्तर : नियमाचं आधी उरकतो. २०२५ मध्ये लागू झालेल्या नियमाने नव्याने तयार होणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या ट्रकना केबिनचा एसी सक्तीचा आहे. तुमची गाडी २०११ची, तुम्हाला तो लागत नाही. उकाडा मात्र साल बघून लागत नाही, म्हणून पुढचं.

तुमच्या घोड्याला बहुतेक दोन दुखणी आहेत आणि मेकॅनिक एकाच गोळीत दोन्ही बरी करायला निघालाय. गॅस जातोय म्हणजे कुठेतरी लीक आहे. उभ्या गाडीत कोमट वारा येतो, तो कमी गॅसमुळेही येतो आणि कंडेन्सरला वारा मिळत नसला तरी येतो. म्हणून गॅस नुकता भरलेला असताना एक करून बघा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला, एसी चालू. इंजिनच्या फॅनपासून लांब उभं राहून समोरून कंडेन्सरवर पाइपने हलकं पाणी सोडा. दोन मिनिटांत केबिनमध्ये गारवा वाढला, तर कंडेन्सरची उष्णता बाहेर पडत नाहीये असं समजा. मग इंजिन बंद करून, गरम असतानाच, फॅन हाताने फिरवा. जड लागला तर ठीक; भिंगरीसारखा गरगरत राहिला तर व्हिस्कस कपलिंग, म्हणजे इंजिन तापलं की फॅनला पकडून फिरवणारा जोड, गेलं. तसंच कंडेन्सर आणि त्यामागच्या रेडिएटरच्या मधली फट बॅटरी मारून बघा. तिथे धूळ आणि कापसासारखा कचरा दाबून बसतो. तो इंजिनच्या बाजूने पुढे, साध्या पाण्याने काढा. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर पंप लावलात तर फिन्स, म्हणजे जाळीच्या पातळ पट्ट्या, आडव्या होतील.

आता लीक. गॅसबरोबर तेलही बाहेर पडतं आणि त्यावर धूळ चिकटते. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात असा काळपट, चिकट डाग दिसला आणि साबणाच्या पाण्याला बुडबुडे आले, तर मेकॅनिक बरोबर आहे. डाग नसेल तर जॉइंट, होज, कंप्रेसरचं (गॅस दाबणाऱ्या पंपाचं) सील आणि केबिनमधली कूलिंग कॉइल तपासल्याशिवाय पैसे काढू नका.

भंगारातला मात्र घेऊ नका. त्याची तोंडं किती दिवस उघडी होती देव जाणे. आपल्या हवेत ओल आत शिरतेच. शिवाय तो ज्या गाडीचा, तिचा कंप्रेसर फुटून चुरा आत गेला असेल तर? पॅरलल फ्लो (चपट्या, समांतर नळ्यांच्या) कंडेन्सरच्या नळ्यांतली भोकं इतकी बारीक असतात की फ्लश करूनही ती साफ होत नाहीत, आणि तो चुरा तुमच्या कंप्रेसरपर्यंत पोचतो.

कंपनीचा पार्ट मिळत नसेल तर युनिव्हर्सल पॅरलल फ्लो चालतो. जुना काढून सोबत न्या. उंची-रुंदी जुन्यापेक्षा कमी नको. कंप्रेसरकडून येणारी जाड लाइन आणि ड्रायरकडे (गॅसमधली ओल शोषणाऱ्या बाटलीकडे) जाणारी बारीक, दोन्हींचे आटे दुकानातच जुळवून बघा. आत जाणारं तोंड वर, बाहेरचं खाली.

बसवताना लोखंडी ब्रॅकेट आणि अॅल्युमिनियम यांच्यामध्ये रबरी बुश हवाच. शिवडीच्या एका घोड्याला मी घाईत बुशशिवाय कंडेन्सर आवळला होता. एक पावसाळा गेला. खाऱ्या पाण्याने आणि घासण्याने नळीला सुईएवढं भोक पडलं, आणि ते काम मी फुकट करून दिलं. तेव्हापासून माझ्या डब्यात बुश आधी, पान्हा नंतर.

ड्रायर आणि ओ-रिंग नवीनच. ओ-रिंग तेलात बुडवून. नव्या कंडेन्सरसाठी साधारण ३० मिली पीएजी तेल (कंप्रेसरचं वंगण) टाकतात. व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओल ओढणं, किमान ४५ मिनिटं, मग पंप बंद करून १५ मिनिटं काटा बघत बसायचं. सरकला तर गॅस भरू देऊ नका. आर-१३४ए गॅस वजनकाट्यावर भरून घ्या. पण जुना नळी-फिनचा कंडेन्सर असेल तर एसीच्या स्टिकरवरचं गॅसचं वजन आता उपयोगाचं नाही, पॅरलल फ्लोमध्ये कमी गॅस लागतो. मग गेज बघा : बाहेर ३५ अंशांच्या आसपास असेल तर हाय साइडला (जास्त दाबाच्या बाजूला) दाब २०० ते २५० पीएसआय. उभ्या गाडीत काटा ३००च्या पुढे चढू लागला तर पुन्हा फॅनकडे वळा.

आणि जुना कंडेन्सर मेकॅनिककडे सोडून येऊ नका. अॅल्युमिनियम भंगारात किलोवर जातं, चहापाण्याचे पैसे सुटतात.