पावसाळ्यात गावठी कोंबड्या मरू नयेत म्हणून कुठलं औषध आणून ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की मुंबई सोडून गुहागरजवळ गावी राहायला आलात, परसात 15 गावठी कोंबड्या पाळल्या आणि गेल्या पावसात त्यातल्या 11 आठवड्याभरात गेल्या. हळद, लसूण, माणसांच्या कॅप्सूल, सगळं देऊन झालं. आता औषध कुठलं, असं विचारताय. औषध राहू द्या. मे महिन्यात लस द्या आणि खुराडं कोरडं ठेवा. जूननंतर धावपळ करून फारसं काही हाती लागत नाही.

मी वेंगुर्ल्याकडची. लग्न होऊन आल्यापासून कोंबड्या सांभाळतेय, त्यामुळे माझंही नुकसान करून झालंय. एकदा आठवडी बाजारातून दोन तलंगा, म्हणजे अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, आणल्या. तुरे लालभडक, अंगाने भरलेल्या. आणल्या तशा संध्याकाळी बाकीच्यांत कोंडल्या. सहाव्या दिवशी त्यातली एक पेंगायला लागली. चोच उघडी टाकून श्वास घेत होती, खाली हिरवट-पांढरं पातळ. दुसऱ्या दिवशी तिची मान पिळल्यासारखी वाकडी झाली. दाणा टिपायला जायची आणि चोच दोन बोटं बाजूला मातीत आपटायची. सासूबाई लांबूनच म्हणाल्या, "पेंगता ती गेली." ती गेलीच, पण पाठोपाठ घरच्याही गेल्या. 21 पैकी 4 उरल्या.

ही मानमोडी, म्हणजे राणीखेत. तुमचं वर्णन वाचून तुमच्याकडेही तीच आली असावी असं वाटतं. विषाणूचा रोग आहे, एकदा लागला की बरं करणारं औषध नाही. तुमच्या कॅप्सूल म्हणून वाया गेल्या.

लस मात्र चांगली आहे आणि स्वस्त आहे. पिल्लू 5 ते 7 दिवसांचं झालं की लासोटा, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. थेंब आत शोषला जाईपर्यंत पिल्लू हातातून सोडायचं नाही, नाहीतर ते डोकं झटकतं आणि लस आपल्या साडीवर. पुढे ते 8 आठवड्यांचं झालं की आर-टू-बी ही दुसरी लस, पंखाखाली कातडीत टोचायची. ही जहाल असते, लहान पिल्लांना चुकूनही देऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, पुढचा डोस कधी तेही ते सांगतील. आजारी, मरगळलेल्या कोंबडीला लस देऊ नये.

आता खरी मेख. लस 2 ते 8 अंशांत राहिली तरच जिवंत राहते. आमच्या वाडीत एकाने कुपी शर्टाच्या खिशात घालून मेच्या उन्हात एसटीने आणली, सगळ्यांच्या कोंबड्यांना टोचली आणि जुलैत मर लागल्यावर लसीलाच शिव्या घातल्या. थर्मासात बर्फ घालून आणा. कुपी बहुधा 100 मात्रांची किंवा त्याहून मोठी असते आणि एकदा पाण्यात मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते. तेव्हा आख्खी वाडी एकत्र करा. आम्ही कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर, अंधार पडला की बॅटरी घेऊन बसतो. दिवसा दगडी गडग्यावरून पळणारी कोंबडी पकडण्यात निम्मी लस गरम होते.

खुराडं जांभ्याच्या चिऱ्यांवर दोन फूट उचलून घ्या, दार पूर्वेला ठेवा. पाऊस नैऋत्येकडून झोडपतो म्हणून लोक चहूबाजूंनी निळी ताडपत्री गच्च बांधतात. ती चूक करू नका. छपराखालची वीतभर जागा उघडी हवी. सकाळी स्वतःचं डोकं आत घालून बघा, कोंडलेल्या विष्ठेच्या उग्र वासाने तुमचे डोळे चुरचुरले तर रात्रभर कोंबड्यांचं काय झालं असेल? खाली भाताच्या तुसाचा चार बोटं थर द्या. मूठभर तूस दाबा, लाडू वळला तर काढून टाका. ओल्या तुसात पिल्लांना रक्ती हगवण लागते. तिला मात्र औषध आहे, पाण्यातून देतात, पण रक्त दिसल्या दिवशीच डॉक्टर गाठा.

खाण्याचं थोडक्यात. नुसत्या कण्यांवर कोंबडी जगते, पण अंगी धरत नाही. थोडा सुका जवळा कुटून घाला. खारवलेल्या बांगड्याची डोकी टाकू नका, जास्त मिठाने कोंबड्या मरतात. शिंपल्या चुलीत भाजून, कुटून वेगळ्या करवंटीत ठेवा. अंडी घालणारी आपली आपण खाते. पावसात कोंडा, पेंड ओलसर होऊन बुरशी धरते, तसली फेकून द्या. वाळवून घालण्याचा मोह मलाही होतो.

पडवीच्या कोपऱ्यात फुटक्या टोपल्यात चुलीची राख आणि कोरडी माती ठेवा. पावसाळ्यात बाहेर लोळायला जागा नसते आणि अंगावर किडे माजतात. दर तीन महिन्यांनी जंताचं औषध. तुऱ्यावर, चेहऱ्यावर चामखिळीसारखे फोड आले तर ती देवी, डासांनी पसरते. डोळे आणि तोंड वाचलं तर बहुतेक कोंबड्या त्यातून उठतात.

मर लागली की लोक उरलेल्या घाईघाईने विकतात, मेलेल्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, फेकतात. मग रोग खालच्या वाडीत. खोल खड्डा, वर चुना, एवढं कराच. एका रात्रीत बऱ्याच मेल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला होता, म्हणून मानमोडीच असेल असं घरी बसून ठरवू नये.

तुमच्या उरलेल्या चारांना आधी लस द्या. खुराड्यातलं जुनं तूस जाळा, भिंतींना आणि जमिनीला चुना मारा, आठ-दहा दिवस उन्हात उघडं पडू द्या. नवीन आणाल त्या निदान तीन आठवडे दुसरीकडे, जमलं तर घराच्या पलीकडच्या अंगाला, बांबूच्या डालग्याखाली ठेवा. दाणापाणी आधी जुन्यांना, मग नव्यांना, आणि मधे हात-पाय धुवायचे.