गुलाबी डोक्याचं बदक आणि मोठी लालसरी यांत फरक कसा ओळखायचा? काल धरणावर गुलाबी डोकं, काळी छाती आणि कुशीला पांढरं असलेलं बदक दिसलं.

मोठी लालसरी, नर. ‘कुशीला पांढरं’ हे तुम्ही स्वतःच लिहिलंय, तिथेच प्रश्न मिटला. गुलाबी डोक्याच्या बदकाची कूस पांढरी नसते, नराचं सगळं अंग काळपट तपकिरी.

हे इतक्या ठामपणे सांगतोय कारण नेमकी हीच चूक मी केली होती आणि ती मला नाशिकच्या पक्षीमित्रांनी अजून विसरू दिलेली नाही.

जानेवारी २००२. नांदूर मध्यमेश्वरला चापडगावच्या बाजूने पहाटेच जाऊन बसलो होतो. थंडी अशी की दुर्बिणीचं चाक फिरवायला बोटं वळत नव्हती. ऊन पडलं आणि पाणकणसाच्या कडेला एक डोकं दिसलं, गुलाबी. केशरी नाही, तांबूस नाही, चक्क गुलाबी. अंग पाणकणसात होतं, दिसत होती ती फक्त मान आणि काळी छाती. छत्तीसच्या रोलमधले उरलेले अकरा फोटो मी त्या एका डोक्यावर उडवले आणि निफाडला येऊन एसटीडी बूथवरून आमच्या ग्रुपच्या ज्येष्ठ सरांना फोन लावला.

सर म्हणाले, “सकाळी सकाळी काय घेतलंस? ते बदक नामशेष झालंय. म्हणजे ते नव्हतं.” आणि फोन ठेवला. पुढच्या रविवारी पंधरा जणांसमोर माझं नाव ‘गुलाबराव’ पडलं.

रोल धुवून आला. दहा फोटोंत नुसतं पाणकणीस. अकराव्यात पक्षी एक हात बाहेर सरकलेला, कूस पांढरीशुभ्र, चोच पोवळ्यासारखी लाल. लालसरीचं डोकं असतं तांबूस-केशरी, कोवळ्या उन्हात ते गुलाबी दिसलं, एवढंच. मी चुकलो होतो. प्रिंट घेऊन सरांकडे गेलो, तर त्यांनी ती हातातही घेतली नाही. “मी आधीच सांगितलं होतं ना!”

काय सांगितलं होतं? पक्षी कसा दिसतो याबद्दल एक शब्द नाही. यादीत नाही म्हणून तळ्यावर नाही, ही पक्षी ओळखायची रीत नव्हे. उत्तर बरोबर, गणित चूक, शाळेतही याला पूर्ण मार्क मिळत नाहीत. बरं, यादीचं म्हणाल तर तीही त्यांची चुकलेलीच. संकटातल्या प्रजातींची जागतिक यादी ठेवणाऱ्या आययूसीएन या संस्थेने हे बदक आजही नामशेष धरलेलं नाही. ‘अतिसंकटग्रस्त’ असा त्याचा दर्जा आहे, आणि अजून कुठेतरी असेल या आशेवरच २०१७ साली म्यानमारमधल्या इंदॉजी तलावावर माणसं ते शोधायला गेली. सापडलं नाही, पण “नाहीच आहे” म्हणून घरी तर बसली नाहीत!

आता तुमचा फरक. उडताना लालसरीच्या पंखावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रुंद पांढरा पट्टा दिसतो, हुकायचा प्रश्नच नाही. त्या दुसऱ्याच्या पंखाची खालची बाजू फिकट गुलाबीसर. लालसरीचं डोकं गोल, फुगीर, नुकतं न्हाऊन पुसल्यासारखं, तर दुसऱ्याची मान लांब आणि सडपातळ, चोचही गुलाबीच. लालसरी आपल्याकडे हिवाळ्याची पाहुणी, थव्याने उघड्या पाण्यावर बसते. गुलाबी डोक्याचं बदक मुख्यतः बिहार, बंगाल, आसामकडचं, बारमाही राहणारं. उंच गवतात दडलेल्या डबक्यांतून जोडीने किंवा लहान टोळीने वावरायचं, अंडी जवळजवळ चेंडूसारखी गोल. ती गवताळ दलदल शेतीखाली गेली, वर शिकार. खात्रीच्या शेवटच्या नोंदी १९३०च्या दशकातल्या, त्यातली एक १९३५ची, दरभंगा भागातली. इंग्लंडमध्ये फॉक्सवॉरन पार्कला अल्फ्रेड एझ्रा या पक्षीपालकाने काही पाळले होते, तेही त्याच दशकाच्या आसपास संपले.

तेव्हा तुमचा पक्षी तो नाही. पण उद्या कोणी “नामशेष आहे, म्हणून नाही” असं उत्तर दिलं, तर त्याला आधी कूस कशी होती ते विचारा. आमच्या सरांना हे विचारायची माझी तेव्हा हिंमत झाली नाही.

हो, वरचं सगळं नराचं. लालसरीची मादी तपकिरी, टोपी गडद आणि गाल फिकट, तिच्यात हा गोंधळ सहसा होत नाही. आणि पिसं झडायच्या दिवसांत नरही मादीसारखाच दिसतो, पण चोच लालच राहते. तुम्ही चोचीचा रंग लिहिलेला नाही. फोटो असेल तर टाका, मी बघेन.