मधल्या सुट्टीतला भागाकार

आदरणीय ताई,

मी जिल्हा परिषदेच्या पहिली ते चौथीच्या शाळेत आहे. नोकरीला १६ वर्षं झाली. पट ७४, आम्ही तीन शिक्षक. गेल्या जूनपासून मुख्याध्यापकपदाचा प्रभार माझ्याकडे आहे. पुढेमागे पदोन्नती झालीच तर तयारी असावी म्हणून मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविकाही करते आहे. अडचण आहे ती आमच्या ज्येष्ठ सरांची. सर माझ्यापेक्षा ११ वर्षांनी सीनियर. प्रभार सरांनी नाकारला म्हणून तो माझ्याकडे आला. आता कुठलंही काम सांगितलं की सर म्हणतात, "मॅडम, प्रभार तुमच्याकडे आहे, तुम्हीच बघा." यू-डायस, म्हणजे शाळेची सरकारी माहिती, मी भरते, पोषण आहाराची रोजची नोंद मी करते, शाळा व्यवस्थापन समितीची सभा मी लावते, शिवाय पहिली-दुसरी माझ्याचकडे. सर तिसरी घेतात आणि घड्याळ बघून घरी जातात. चौथी पूर्वी माझ्याकडे होती, आता नव्या शिक्षणसेवकाकडे, म्हणजे अजून कायम न झालेल्या मानधनावरच्या शिक्षकाकडे आहे. मुलगा चांगला आहे, गणित जरा कच्चं. त्याने भागाकार घेतला की मधल्या सुट्टीत मी मुलांना पुन्हा एकदा घेते, त्यामुळे तो प्रश्न नाही. प्रश्न सरांचा आहे. पदविकेसाठी 'संघबांधणी'वर स्वाध्याय लिहायचाय आणि मला एक ओळ सुचत नाही, कारण मला संघच नाही. सरांना बरोबर कसं घ्यायचं?

– एक प्रभारी मुख्याध्यापिका

प्रिय मुख्याध्यापिकाबाई,

'प्रभारी' मी मुद्दाम गाळलं. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे प्राथमिक शाळेत १५० च्या वर मुलं असतील तरच वेगळा मुख्याध्यापक मिळतो. ७४ च्या पटावर तुम्हाला तीन शिक्षक मिळाले आणि त्यातल्या एकाच्या गळ्यात किल्ल्या पडल्या. त्या तुमच्या गळ्यात आहेत. म्हणजे आजच्या घडीला त्या शाळेच्या मुख्याध्यापक तुम्हीच.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा एकाच वाक्याशी अडले. "त्यामुळे तो प्रश्न नाही." ज्येष्ठ सरांबद्दल तुम्ही एवढं लिहिलंत, त्यातलं मला फारसं काही आठवत नाही. ते वाक्य मात्र दोन दिवस डोक्यातून जात नाही.

मी तुमच्या शाळेत आलेली नाही, तरी तो प्रसंग मला दिसतो. मुलांनी खिचडी खाल्ली, ताटल्या धुतल्या. निम्मी मुलं मैदानाकडे पळणार तेवढ्यात तुम्ही हाक मारता, "चौथी, आत या." फळ्यावर सकाळचं उदाहरण अजून आहे, त्या शिक्षणसेवकाच्या अक्षरात. तुम्ही डस्टर घेता, ते पुसता आणि पहिल्यापासून मांडता. तुमचा हात सरावलेला, तुमचा आवाज मुलांच्या ओळखीचा. दहा मिनिटांत पोरांच्या माना हलायला लागतात. आणि तो? त्याला तर मैदानावर मुलांकडे लक्ष द्यायला थांबावंच लागतं. व्हरांड्यात उभा राहून तो आपल्याच वर्गाची खिडकी बघतो. आत कुणाचा तास चालू आहे हे त्याला दिसतं, मुलांना दिसतं, स्वयंपाकाच्या ताईंनाही दिसतं. दिसत नाही ते फक्त तुम्हाला, कारण तुमची पाठ खिडकीकडे आहे.

आणखी एक गोष्ट खुपली. ज्येष्ठ शिक्षकांना तुम्ही पत्रभर 'सर' म्हटलंय, अगदी तक्रार करतानाही. याला एकदाही नाही. "मुलगा चांगला आहे." बाई, तो डी.एड. झालेला, पात्रता परीक्षा पास होऊन, भरतीची अभियोग्यता चाचणी देऊन आलेला चौथीचा वर्गशिक्षक आहे. मुलगा तो त्याच्या आईचा.

त्या वर्गात आता काय होत असेल ते सांगते. सकाळच्या तासाला कुणी "सर, समजलं नाही" म्हणत नसेल. कशाला म्हणेल? मधल्या सुट्टीत मॅडम सांगणारच आहेत. मग चौथीच्या सरांना वाटतं, सगळ्यांना आलं. ते पुढच्या उदाहरणाकडे जातात. मुलं तुमच्याकडे येतात, तेव्हा त्यांना खरंच आलेलं नसतं, आणि तुमची खात्री पटते की सरांना शिकवता येत नाही. हे चक्र तुम्ही स्वतःच्या हाताने फिरवताय आणि त्याचा दोष त्याच्या गणितावर टाकताय. संध्याकाळी एखादं पोरगं घरी सांगतं, "आमच्या सरांना भागाकार येत नाय." दूध डेअरीवर ते दुसऱ्या दिवशी पोचतं. पुढच्या सभेत समितीतले पालक तुम्हाला म्हणतील, "मॅडम, चौथी तुम्हीच घ्या ना परत." आणि तुम्हाला ते ऐकून बरं वाटेल. त्या बरं वाटण्याची मला भीती वाटते.

त्याने तुम्हाला येऊन "मॅडम, हे थांबवा" असं का सांगितलं नाही? शिक्षणसेवकाची तीन वर्षं असतात. त्याची अजून संपलेली नाहीत. तोपर्यंत तो मान खाली घालून मानधनावर काम करतो आणि शाळेत कुणाशी वाकडं येणार नाही एवढं सांभाळतो. त्याच्या गप्प बसण्याला तुम्ही संमती समजलात.

मुलांचं नुकसान नको, हा तुमचा हेतू. तो खरा आहे, त्याबद्दल मला तिळभरही शंका नाही. पण हिशोब नीट मांडा. तो जेमतेम पंचविशीचा असेल. ५८ व्या वर्षी निवृत्त होईल. म्हणजे ३३ वर्षं. वर्षाला २० मुलं धरली तरी ६६० मुलं त्याच्या हाताखालून जाणार. यंदाच्या २० जणांचा भागाकार तुम्ही सुट्टीत सावरून घेतलात. उरलेल्या ६४० जणांसाठी तुम्ही कुठल्या गावी जाणार आहात?

हे मी इतक्या कडकपणे लिहिते, कारण हेच मी केलंय. तेव्हा शिष्यवृत्ती परीक्षा चौथीलाच असायची. मी सकाळी साडेसातला शाळा उघडायची, मुलांना घेऊन बसायची. शेजारच्या वर्गातल्या बाईंनी दोन-तीनदा विचारलं, "मी बुद्धिमत्तेचा पेपर घेऊ का?" मी प्रत्येक वेळी म्हणाले, "राहू दे, मी बघते." हे 'मी बघते' मला फार आवडायचं. एका वर्षी सात मुलं यादीत आली, गावाने फेटे बांधले. पुढच्या मे महिन्यात माझी बदली झाली आणि त्या शाळेचं एकही मूल यादीत आलं नाही. पुढची कित्येक वर्षं मी हे अभिमानाने सांगत असे: मी गेले आणि शाळा बसली. एका लग्नात त्या बाई भेटल्या. कुठलीही कडवट चव न ठेवता एवढंच म्हणाल्या, "तुम्ही गेल्यावर मला सुरुवात कुठून करायची तेच माहीत नव्हतं हो." पंगतीत बसले होते. पुढचा घास मला गिळता आला नाही.

त्यानंतर मी ती गोष्ट अभिमानाने सांगणं सोडलं.

तुम्ही पदविका करताय ते फार चांगलं करताय. शाळा चालवणं हे शिकवण्याहून वेगळं काम आहे, हे आपल्याकडे कबूल व्हायलाच बराच काळ गेला. दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन विद्यापीठात शाळा नेतृत्वासाठी स्वतंत्र केंद्र निघालं ते २०१२ मध्ये. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने शिक्षकांप्रमाणे मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सुचवलं. माझ्या पिढीला पदोन्नतीचा आदेश मिळाला, कपाटाच्या किल्ल्या मिळाल्या आणि आदल्या मुख्याध्यापकांनी "डेडस्टॉक रजिस्टर जपा", म्हणजे शाळेच्या सामानाची नोंदवही सांभाळा, एवढा सल्ला दिला. तुम्हाला त्यापेक्षा खूप जास्त मिळतंय. पण अभ्यासक्रमात संघबांधणीचं प्रकरण वेगळं असतं आणि अध्ययन-अध्यापनाचं वेगळं. त्यामुळे वाटायला लागतं की संघ म्हणजे रुसलेल्याला मनवणं, कामं वाटणं, सहल काढणं. तीन शिक्षकांच्या शाळेत संघ भागाकारावरच बांधावा लागतो. तुमच्याकडे तिथं दुसरी वीट नाही.

म्हणून आता एकच करायचं. मधल्या सुट्टीतला तास उद्यापासून बंद. आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की चौथीच्या पाच वह्या घेऊन त्याच्या शेजारी बसायचं. शेजारी म्हणजे शेजारी. ऑफिसात टेबलापलीकडे त्याला उभं करून नव्हे.

बसल्यावर पहिलं वाक्य: "सर, मी सुट्टीत तुमच्या वर्गाला परत शिकवत होते, ते चुकलं माझं." एवढंच. "मुलांच्या भल्यासाठी" हे शेपूट जोडायचं नाही. ते जोडलंत की माफी परत घेतल्यासारखं होतं.

मग वही उघडा. चौथीच्या वह्यांत एक चूक हमखास सापडते. ४०८ भागिले ४. पोरानं उत्तर लिहिलेलं असतं १२. नुसती लाल फुली मारली की विषय संपतो. पण बघा, त्यानं ४ शतकं बरोबर वाटली, प्रत्येकाला एक. ८ एककं बरोबर वाटली, प्रत्येकाला दोन. मधल्या दशकाच्या घरात वाटायला काहीच नव्हतं, म्हणून त्यानं ते घरच सोडून दिलं. शंभराच्या नोटा, दहाच्या नोटा आणि सुटी नाणी पुढ्यात असती तर चार जणांना ४०८ रुपये वाटताना त्याच पोरानं प्रत्येकाला १०२ दिले असते, १२ देऊन उरलेले कुठे गेले म्हणून स्वतःच ओरडला असता.

हे सगळं तुम्हाला येतं. माझ्यापेक्षा चांगलं येत असेल. आणि म्हणूनच तुमच्यासाठी शनिवारचा तो अर्धा तास जड जाणार आहे, कारण हे तुम्ही बोलायचं नाही. तुम्ही विचारायचं, "सर, या पोरानं बारा का लिहिलं असेल?" आणि थांबायचं. तो गडबडेल. तुमच्याकडे बघेल, उत्तर तुमच्या चेहऱ्यावर शोधेल. तुमचा हात पेनाकडे जाईल. तो मागे घ्या. पेन त्याच्याकडे राहू दे. एक मिनिट शांतता झाली तर होऊ दे. तो बोलेल. कदाचित चुकीचं बोलेल. मग दुसरी वही पुढे सरकवा, त्याच चुकीची. तिसऱ्या वहीपर्यंत त्याला ते शून्य दिसेल आणि सोमवारी वर्गात काय करायचं हेही त्याचं त्यालाच सुचेल.

सोमवारी मुलं तुमच्याकडे येतीलच. सवय लावलीय तुम्ही. "मॅडम, आज घेणार ना?" तेव्हा हसून एवढंच सांगायचं, "सरांना विचारा." रोज, न कंटाळता. पंधरा दिवस त्या वर्गाचा भागाकार डगमगेल. एखादा पालक येईल, केंद्रप्रमुखांच्या भेटीत एखादं मूल अडखळेल आणि शेरेबुकात एक ओळ पडेल. ती ओळ मुख्याध्यापक म्हणून तुमच्या नावावर घ्या. त्याच्यावर ढकलू नका, आणि त्या भीतीने पुन्हा डस्टर हातात घेऊ नका.

तुम्हाला आतून काय वाटणार आहे तेही मला माहीत आहे. चौथीच्या वर्गासमोरून जाताना पाय रेंगाळतील. १६ वर्षं ज्या कामात हात धरणारं कुणी नव्हतं, ते काम दुसऱ्याच्या हातात, तुमच्यापेक्षा कच्चं होताना बघायचं म्हणजे घशाशी येतं. रडू आलं तर रडा. घरी जाऊन रडा, पण त्या वर्गात जाऊ नका.

आणि तुमचे ज्येष्ठ सर. तुम्ही त्यांच्याबद्दल विचारलंत, म्हणून चार ओळी. ते तिसरीच्या दारातून वर्षभर बघताहेत की या शाळेत कुणी काही केलं तर मॅडम ते पुसून पुन्हा करतात. मग कशाला करायचं? त्यांचा आळस मी नाकारत नाही, पण त्याला तुम्ही चांगलं निमित्त पुरवलंय. त्यांना मनवायला जाऊ नका. शनिवारी दार उघडं ठेवून बसा, पुरे.

स्वाध्यायाला उशीर झाला तर होऊ दे. वह्या निवडताना मात्र पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीची घेऊ नका. जिथं खोडरबरानं कागद पातळ झालाय, ती घ्या. आणि मला पुन्हा पत्र लिहाल तेव्हा ते पोरगं बारा का लिहितं, याचं चौथीच्या सरांनी काय कारण सांगितलं तेवढं कळवा. त्यांच्याच शब्दांत.