पाणी वाचवण्यासाठी सिंगापूरच्या 'वॉटर वॉली'सारखा बाहुला आपल्या खेड्यांत चालेल का?

चालेल. मी विदर्भातल्या खारपाणपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतो आणि आम्ही हे छोट्या प्रमाणात करून पाहिलं आहे. पण तो बाहुला लोकांना नेमकं काय सांगतो, यावर सगळं अवलंबून आहे.

वॉली म्हणजे निळा हसरा थेंब. सिंगापूरच्या सरकारी पाणी संस्थेने, पीयूबीने, तो २००५ मध्ये आणला. शाळांमध्ये जाऊन तो मुलांना अंघोळ लवकर आटपा, दात घासताना नळ बंद ठेवा, असं सांगतो. तिथला घरगुती वापर २००३ मध्ये माणशी रोज १६५ लिटर होता, २०१८ मध्ये १४१ वर आला. पण हे एकट्या वॉलीचं काम नाही. तिथे पाण्यावर १९९१ पासून वेगळा बचत-कर आहे आणि २०१७-१८ मध्ये दोन टप्प्यांत पाण्याचा दर ३० टक्क्यांनी वाढला. शिवाय तिथे नळाला पाणी चोवीस तास असतं. अंघोळ आवरा, हे तिथेच शोभतं.

आमच्याकडे पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारं. विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ धड शिजत नाही. प्यायचं पाणी धरणावरून नळाने येतं, तेही चार-पाच दिवसांआड. आम्ही पहिल्या वर्षी वॉलीसारखाच एक थेंब पुठ्ठ्यावर रंगवला, खाली 'पाणी वाचवा' लिहिलं आणि फेरी काढली. एका आजीने ओट्यावरूनच मला थांबवलं. "गुरुजी, पाचव्या दिवशी नळ येते, अन् तुमी आमालेच पानी वाचवा म्हन्ता?" त्यांच्या दारात भाजी धुतलेलं पाणी घमेल्यात साठवलेलं होतं, कढीपत्त्याला घालायला. मला फार वाईट वाटलं. ज्या बाईने आयुष्यभर डोक्यावर गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, वाहिले, तिला आम्ही पाण्याची किंमत शिकवायला गेलो होतो.

मग पाणी जातं कुठे, हे शोधायला चौथीची पोट्टी नळाच्या दिवशी वह्या घेऊन गल्लोगल्ली फिरली. बहुतेक नळांना तोटीच नव्हती. कारणही साधं आहे. नळ कधी येईल याचा नेम नाही, म्हणून तो उघडाच ठेवायचा, म्हणजे आवाजाने कळतं. पाइप खुपसायला सोपं जावं म्हणूनही तोटी काढलेली. आणि भांडी भरली की उरलेलं पाणी नालीत. आम्ही एका नळाखाली १५ लिटरची बादली धरली, दीड मिनिटात भरली. म्हणजे दहा मिनिटं वाहिलं की १०० लिटर. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी रोजचं प्रमाण ५५ लिटर धरलं आहे, त्या हिशोबाने हे जवळजवळ दोन माणसांचं दिवसभराचं पाणी. पुढच्या गल्लीत तेव्हा गुंडाच्या तळालाही पाणी लागलेलं नसतं, हे पोरांनी डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या वर्षी थेंब सोडला आणि गुंड केला. वर्तमानपत्राचा लगदा, आत तारेचा सांगाडा, नाकाच्या जागी खरी पितळी तोटी. सांगणं एकच: भांडी भरली की तोटी फिरवा. एक पोरगा गुंड डोक्यावर घेतो, बाकीचे कडुलिंबाच्या डहाळ्या घेऊन मागे. लोकांना हे नवीन वाटलंच नाही, कारण पाऊस लांबला की आपल्याकडे पोरं पाऊस मागायला धोंडी, म्हणजे काठीला बांधलेला बेडूक, घेऊन दारोदार फिरतातच. लहानपणी मुसळाला निंबाच्या पाल्यात बांधलेला बेंडूक मीही खांद्यावर नेला आहे आणि बायांनी वरून ओतलेलं गार पाणी अंगावर घेतलं आहे. आपल्या मातीत ही रीत असताना बाहेरचा थेंब का आणायचा?

ग्रामपंचायतीने तोट्या आणून दिल्या, तेव्हाच फरक दिसला. नुसत्या फेरीने तो दिसला नसता. एक गल्ली मात्र ऐकेना. तिथल्या व्हॉल्व्हमधून नळाच्या प्रत्येक पाळीला पाणी वाहायचं, म्हशी तिथेच प्यायच्या. "आंधी हे बंद करा," लोक म्हणायचे आणि त्यांचं बरोबर होतं. दोन अर्ज केले, दुरुस्तीला बरेच महिने लागले. तोवर आम्ही त्या गल्लीत गुंड नेलाच नाही. ज्याच्या घरापुढे गळती आहे त्याला बचत सांगायची माझी हिंमत नव्हती.

म्हणून तुमच्या गावात करायचं असेल तर आधी नळाच्या दिवशी वही घेऊन फिरा, मग बाहुला ठरवा. जिथे शेततळ्याचा प्रश्न आहे तिथे तोटीचं नाक काय कामाचं? आणि बाहुला मुलांच्याच हाती द्या. परवा पहिलीतली एक पोरगी फेरी नसतानाही आपल्या आजीला ओरडून सांगत होती, "आजी, नळ वाहून राह्यला वं, तोटी फिरव!" आणि आजी हातातलं पीठ तसंच ठेवून उठल्या.