विकासकाच्या शब्दावर जाहिरात, नोटीस मात्र एजंटला

प्रश्न: मी महारेराकडे (महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे) नोंदणी असलेली एजंट आहे. एका गृहप्रकल्पाच्या पहिल्या विंगमधले फ्लॅट मी विकून दिले. दुसऱ्या विंगची नोंदणी ‘आठ-दहा दिवसांत येतेय’ असं विकासकाच्या माणसाने सांगितल्यावर पहिल्या विंगचाच नोंदणी क्रमांक टाकून मी व्हॉट्सॲपवर दुसऱ्या विंगची जाहिरात केली. एका ग्राहकाने दोन लाख रुपये टोकन माझ्या खात्यावर दिले, ते मी विकासकाकडे वळते केले. नोंदणी अजून झालेली नाही. ग्राहकाने तक्रार केली आणि मला कारणे दाखवा नोटीस आली. ओळखीचे एजंट म्हणतात, मेसेज डिलीट कर, ग्राहकाला पैसे देऊन तक्रार मागे घ्यायला लाव, विषय मिटेल. माझी नोंदणी जाईल का?

उत्तर: जाऊ शकते, पण सुनावणीशिवाय नाही. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, 2016 च्या कलम 9(7) नुसार नोंदणी निलंबित किंवा रद्द करण्याआधी एजंटला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. तुमच्या हातातली नोटीस ही त्याच संधीची सुरुवात आहे, त्यामुळे तिला मुदतीत लेखी उत्तर गेलंच पाहिजे. फोनवर ‘साहेबांशी बोलणं झालंय’ या भरवशावर राहू नका.

आता मेसेजबद्दल. जाहिरात लोकांना दिसणं आजच बंद करा, कारण कलम 62 खालचा दंड चूक चालू असलेल्या प्रत्येक दिवसाला 10 हजार रुपये असा मोजला जातो. मात्र काढण्याआधी सगळं जपून ठेवा: स्क्रीनशॉट, विकासकाच्या माणसाशी झालेलं चॅट, तारीख-वेळेसकट. तक्रारदाराकडे तुमचा मेसेज आहेच, नाहीतर नोटीस आली नसती. पुसून टाकलात तर त्याचा पुरावा शाबूत राहील आणि ‘येतेय’ म्हणणाऱ्या विकासकाविरुद्धचा तुमचा पुरावा तेवढा जाईल. शिवाय पुरावा म्हणून लागू नये म्हणून इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा वेगळा फौजदारी गुन्हा आहे. हा सल्ला देणारे मित्र त्या वेळी तुमच्या शेजारी उभे राहणार नाहीत.

खरी अडचण नोंदणी क्रमांकाची आहे. टप्प्याटप्प्याने बांधकाम होत असेल तर कायदा प्रत्येक टप्पा स्वतंत्र प्रकल्प मानतो आणि त्याची नोंदणी वेगळी लागते. दुसरी विंग वेगळा टप्पा असेल तर पहिल्या विंगचा क्रमांक तिला चालत नाही. म्हणजे तुमच्यावर आरोप दोन आहेत. नोंदणी नसलेल्या प्रकल्पात विक्रीला मदत केली, हा कलम 10(अ) चा. आणि नसलेली मान्यता असल्याचं भासवलं, हा अनुचित व्यापारी प्रथेचा. माझ्या मते दुसरा अधिक जड आहे. पहिल्यात घाई दिसते, दुसऱ्यात हेतू शोधला जाईल. म्हणून तो क्रमांक कुणी दिला, तयार मजकूर विकासकाकडून आला होता की तुम्ही लिहिलात, हे उत्तरात स्पष्ट सांगा. विकासकाकडून आलेल्या पीडीएफमध्येच तो क्रमांक छापलेला असेल तर ते पान सोबत जोडा.

‘विकासकाने सांगितलं’ एवढ्यावर सुटका होणार नाही. प्रकल्पाची नोंदणी महारेराच्या संकेतस्थळावर कुणालाही दोन मिनिटांत तपासता येते, हाच प्रश्न सुनावणीत पहिला येईल. पण निलंबन किती काळ, दंड किती, हे ठरताना त्या म्हणण्याला वजन येतं. दंडाला कमाल मर्यादा आहे: ज्या सदनिकेचा व्यवहार केला तिच्या किमतीच्या 5 टक्के. सदनिका 60 लाखांची धरली तर तीन लाख रुपये, आणि रोजच्या 10 हजारांनी ती महिनाभरात गाठली जाते.

टोकन तुमच्या खात्यावर का घेतलंत, हे विचारलं जाणारच. रक्कम आली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी विकासकाकडे गेली असेल तर बँकेचा उतारा हे तुमचं सर्वांत भक्कम कागदपत्र आहे. त्यातून तुम्ही दलाली कापून घेतली असेल तर तीही लपवू नका.

ग्राहकाला पैसे परत मिळवून द्याच, फक्त बँकेतून आणि लेखी पोच घेऊन. तक्रार मागे घेतली म्हणून विषय संपेलच असं नाही. कलम 35 खाली प्राधिकरण स्वतःहूनही चौकशी करू शकतं. पण पैसे परत केल्याची पोच उत्तराला जोडलेली असली की निकालाचा सूर बदलतो, हे मी पाहिलेलं आहे.

नोटीस पुन्हा एकदा सावकाश वाचा. तिच्यात फक्त दंडाचा उल्लेख आहे की कलम 9(7) चाही? प्रस्तावित कारवाई नोटिशीतून कळली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने गोरखा सिक्युरिटी सर्व्हिसेस प्रकरणात (2014) काळ्या यादीच्या संदर्भात म्हटलं आहे. नोटिशीत निलंबनाचा शब्दही नसताना आदेशात ते आलं, तर अपिलात हा मुद्दा घेता येतो. अपील अपीलीय न्यायाधिकरणाकडे, आदेश मिळाल्यापासून 60 दिवसांत. अपिलाआधी दंडाची निदान 30 टक्के रक्कम भरण्याची सक्ती कायद्याने विकासकावर घातली आहे, एजंटवर नाही.

निलंबन झालंच तर त्या काळात भावाच्या किंवा नवऱ्याच्या नावाने व्यवहार चालू ठेवू नका. पकडलं गेलं की नोंदणीशिवाय काम केल्याचा नवा आरोप आणि आदेश मोडल्याबद्दल कलम 65 चा वेगळा दंड, दोन्ही मागे लागतात.

विकासकाला वकिलामार्फत नोटीस आजच पाठवा. एजंटने सद्भावनेने केलेल्या कामामुळे तिसऱ्या माणसाचं नुकसान झालं तर त्याचा भुर्दंड एजंटला भरून द्यायची जबाबदारी त्याला काम देणाऱ्यावर, म्हणजे इथे विकासकावर, येते, असं करार कायद्याचं कलम 223 सांगतं. सद्भावना तुम्हालाच सिद्ध करावी लागेल, आणि नोंदणी न तपासल्यामुळे तिथेही थोडी ओढाताण होईल. तरी नोटीस जायला हवी. महारेरापुढे विकासक ‘आम्ही एजंटला असं काही सांगितलंच नव्हतं’ म्हणेल, तेव्हा ती तारीख तुमच्या कामी येईल.