फरशी बारीक, सांधा त्याहून बारीक

प्रश्न : नमस्कार ताई. मी उदगीरचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. टेबलटॉप गेमचे २८ मिमीचे छोटे सैनिक रंगवायचा नाद लागलाय आणि त्यांच्या पायाखालचे दगडी फरशीचे बेस मी घरीच बनवायलोय. प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा पातळ थर ओतला, दुसऱ्या दिवशी कटरनं चौकोन कापायला गेलो तर निम्मे तुटले, राहिले ते बाथरूमच्या टाईलसारखे दिसायलेत. मला किल्ल्यातल्या दगडासारखं पाहिजे. काय चुकतंय?

उत्तर : दोन गोष्टी चुकतायत, माप आणि वेळ. आधी माप बघ. २८ मिमीचा सैनिक म्हणजे साडेपाच फुटी माणूस साठपट लहान केलेला, म्हणजे आपल्या घरातली दोन फुटी शहाबादी फरशी तिथं जेमतेम १ सेंमीची होते, आणि तू दोन फरशांत १ मिमी फट ठेवलीस तर ती खऱ्यात ६ सेंमी झाली, तिच्यात माणसाचा पाय अडकंल. बाथरूमसारखं दिसतंय ते ह्याच्यामुळंच, फट रुंद आणि सगळे चौकोन एकसारखे. सांधा कटरच्या टोकानं ओढलेल्या रेघेएवढाच ठेव, आणि एखादी फरशी आडवी लांब, एखादीचा कोपरा उडालेला असं होऊ दे.

आता वेळ. खोबऱ्याच्या वड्या आपण थंड झाल्यावर कापतो का, गरम असतानाच रेघा मारून ठेवतो ना, प्लॅस्टरचं तसंच आहे. पाण्यात पावडर भुरभुरायची (पावडरीवर पाणी ओतलं की गुठळ्या होतात), तेलाचा हात लावलेल्या काचेवर ३ मिमीचा थर ओतायचा, आणि बोट टेकवल्यावर ठसा उमटतो पण बोटाला काही चिकटत नाही अशा वेळी रेघा मारून घ्यायच्या, मग पूर्ण वाळल्यावर तुकडे रेघेवरच सुटतात. भांडं बेसिनमध्ये अजिबात धुऊ नको. मी धुतलं होतं, प्लॅस्टर पाइपातच घट्ट बसलं आणि शेवटी पाइप कापावा लागला. प्लॅस्टिकच्या वाटीत कालव, उरलेलं वाळलं की वाटी दाबून टवके काढ आणि कचऱ्यात टाक.

पण खरं सांगू, सुरुवातीला प्लॅस्टरच्या मागं लागूच नको. फ्लेक्स छापणाऱ्याच्या दुकानात ३ मिमीच्या सनबोर्डच्या (फोमसारख्या हलक्या प्लॅस्टिकच्या पाटीच्या) कात्रणांचा ढीग पडलेला असतो, मागितलं तर देतात. रिकाम्या बॉलपेननं दाबून रेघा मारल्या की झाली फरशी, मोडत नाही, भुगा होत नाही. खाली हार्डवेअरच्या दुकानातला लोखंडी वायसर चिकटव, वजनानं सैनिक पडत नाही.

किल्ल्यातल्या दगडाचं मात्र नीट समजून घे, कारण सगळी गंमत तिथंच आहे. शहाबादी हा थराथरांचा चुनखडक, तो आपोआप सपाट सुटतो म्हणून त्याची फरशी होते, पृष्ठभाग गुळगुळीत असतो. दौलताबादचा, वेरूळचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, लाव्हा थंड होऊन झालेला, त्याला तसे थर नसतात, तो छिन्नीनंच घडवावा लागतो. म्हणून तुला काळा दगड पाहिजे असेल तर रेघा मारून झाल्यावर जुन्या ताठ टूथब्रशनं टोचून घे आणि सुईनं तिरके बारीक टवके काढ, सगळे साधारण एकाच दिशेनं, छिन्नी तशीच चालते. आणि मधली वाट, जिथून माणसं चालली असतील, तिथं बारीक पॉलिश पेपर फिरवून खुणा पुसट कर. एकदा दौलताबादला गेलास की पायऱ्यांवर बसून मधला भाग आणि कडा दोन्हीवर हात फिरवून बघ, मी सांगण्यापेक्षा ते लवकर कळंल.

रंगात नुसता काळा वापरू नको, सगळं सपाट दिसतं. पहिला हात काळा, मग काळ्यात थोडा पांढरा आणि चिमूटभर तपकिरी टाकून राखाडी कर, ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा झाला की हलक्या हातानं कडांवरून फिरव, खाचा काळ्याच राहतात आणि दगड उठून दिसतो. सांध्यात रंग नाही, माती. शेतातली काळी माती तव्यावर भाजून, गार करून, चहाच्या गाळणीनं चाळून, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये कालवून काडीनं भर. आपली काळी माती ह्याच काळ्या दगडाची झीज होऊन झालेली आहे, त्यामुळं रंग असा जुळतो की वेगळा बनवावाच लागत नाही. थर पातळ ठेव, जाड झाला की उन्हाळ्यात रानाला पडतात तशा भेगा पडतात.

प्रश्न : मी बीडहून लिहितेय. थर्माकोलच्या बेसवर स्प्रे रंग मारला तर सगळं विरघळून खड्डे पडले, असं का?

उत्तर : स्प्रेच्या डब्यात जो सॉल्व्हंट असतो तो थर्माकोल खातो, झटपट चिकटणारा पातळ ग्लूसुद्धा खातो. आधी फेव्हिकॉलमध्ये काळा अॅक्रेलिक रंग मिसळून ब्रशनं दोन हात द्या, कडा आणि खालची बाजूपण सोडू नका, एक टाचणीएवढी जागा उघडी राहिली तरी स्प्रे तिथूनच आत शिरतो. पावसाळ्यात दोन हातांच्या मध्ये अख्खी रात्र जाऊ द्या.